डाव्या बैलाची इंटर्नशिप

नाव वाचून तुमाला वाटलं आसंल, आता हे पोरगं हसवणार. नातेपुत्याच्या शाळेत हेडसरांच्या आवाजात ह्यानं सुट्टी जाहीर केलती आन् आख्खी शाळा घरी गेलती, ती गोष्ट सांगंल. ती न्हाय सांगत. न्हायतर तुमी लई वाचणारं आसाल तर म्हणाल, बैल आलं म्हंजी आता मोट येणार, विहीर येणार, आन् जुनं सगळं कसं ग्वाड होतं म्हणून हा दोन पानं उसासं टाकणार. तेबी न्हाय. मी मोट चालताना जन्मात बघितली न्हाय. मी फक्त बैल झालतो. डावा.

आत्ता माझ्या हातात स्पंजाची एक टोपी हाय. करड्या रंगाची, लिंबाएवढी. माईकवर घालायची आसती ती, वारा आवाजात शिरू नये म्हणून. आज सकाळी जुन्या सॅकच्या तळाला घावली. परत द्यायची राहिली म्हणून घेऊन आलो, तर जिन्याच्या वर कुलूप. पाटीबी न्हाय. नुसतं चार खिळं. खालचा चादरीचा दुकानदार म्हणाला, "ते गेले की दुसरीकडं. कुटं ते म्हायत न्हाय. तुमी कोण?"

मी म्हणलं, "इथं कामाला होतो. तीन महिनं."

आता जिन्यात बसलोय आन् टोपीचा वास घेतोय. लोक बघत्यात. बघू द्या. तंबाखू हाय, चुना हाय, कातड्याचा जुनाट वास हाय. आन् मधीच, नाक एकदम खुपसलं की, भाजल्या हुरड्याचा धूर हाय. का मलाच तसं वाटतंय, काय की.

*

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप लागायची. कुणाला बँक मिळाली, कुणाला पेपरचं ऑफिस. मी गॅदरिंगमधी सगळ्या सरांची नक्कल करायचो, तर सर म्हणालं, "ह्याला लोककलेत टाका, तिथंच बसंल हा." आसा मी ह्या केंद्रात आलो. केंद्राचं नाव एवढं लांब होतं की पाटीवर तीन ओळी लागायच्या. आमी नुसतं 'वर' म्हणायचो. "वर जायचंय का?" "वरनं आलो."

वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, दोन कॉम्प्युटर, कानाला लावायचं मोठं हेडफोन. मागच्या खोलीत वस्तू. हलग्या, संबळ, फुटकी तुणतुणी, वासुदेवाची मोरपिसाची टोपी, भिंतीवर वाळून कडक झालेली चामड्याची मोट. सगळ्याला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी बांधलेली. दार उघडलं की कडुलिंबाचा पाला, डांबरगोळी आन् कातडं, तिन्ही वास एकदम अंगावर यायचं. खिडकीतनं मागच्या गल्लीतल्या, चादरी विणायच्या मागांचं खटाक्-खटाक्. दिवसभर. सुरवातीला डोकं उठायचं. महिन्यानं लाईट गेली आन् माग थांबलं, तर आमीच दचकून एकमेकाकडं बघितलं.

मॅडम पुण्याकडच्या. चष्मा साखळीला बांधलेला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाळांनो, आवाज हीसुद्धा वस्तूच असते. तिला हात लावण्याआधी हात धुवायचे." मी हे वाक्य चष्मा नाकावर सरकवत, मान वाकडी करत, आसं काढायचो की पद्माला हसून ठसका लागायचा. पद्मा म्हंजी माझ्याबरोबरची दुसरी इंटर्न. सोलापूरच्या पूर्व भागातली, मागवाल्यांच्या घरची, घरी तेलुगू, वर मराठी, रागावली की दोन्ही.

"नक्कल लई करतोस," ती म्हणायची. "कवातरी स्वतःच्या आवाजात बोल की."

"त्यो मलाच म्हायत न्हाय," मी म्हणायचो. मस्करीत म्हणायचो. आता मस्करी वाटत न्हाय.

*

हुरड्याचं दिस होतं. आमाला वळसंगला पाठवलं. तितं मल्लप्पा म्हणून म्हातारं माणूस होतं. मोटेवरची गाणी येणारं त्या बाजूला तेवढंच एक राहिलंय, आसं मॅडमला कुणीतरी सांगितलं होतं. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. आमीबी म्हणायला लागलो.

अप्पांच्या अंगणात शेणकुटाच्या आरात हुरडा भाजत होता. हातावर चोळून, फुंकून, गरम-गरम हातात देत होते. वर शेंगाची चटणी. पद्मानं रेकॉर्डर काढला, माईकवर ही टोपी घातली, म्हणाली, "अप्पा, म्हणा आता."

अप्पा बाजंवर बसलं. घसा साफ केला. एक ओळ म्हणालं. गप बसलं. परत एक म्हणालं. परत गप.

"येत न्हाय," म्हणालं.

"इसरलात?"

"इसरतोय कशाला? बैल कुटं हायत? बैलाबिगार गाणं कसं येईल? हे म्हंजी ताटाबिगार जेव म्हणल्यासारखं झालं की."

मी तितंच उठलो. दोन हात कपाळावर शिंगासारखं धरलं, नाकातनं फुरफुर केली, मान हालवली. माझ्या मामाच्या खिलाऱ्याची नक्कल. लहानपणापास्नं येतीय. अप्पांच्या तोंडातली तंबाखूच सांडली हसून.

"आरं, ह्यो चांगलाय की!" उठलं. आढ्याला टांगलेला मोटेचा जुना नाडा काढला, माझ्या खांद्यावर टाकला. "तू डावा. डावा बैल मी इंडीच्या बाजारातनं आणलेला, त्याला कन्नडच कळायचं. उजव्याला मराठी. दोघांशी दोन भाषेत बोलाय लागायचं. समजलं काय?"

"व्हय अप्पा."

"बैल व्हय म्हणतोय काय रं?"

मी हंबरलो.

मग चालू झालं. अंगणाच्या वरच्या कोपऱ्यापास्नं खाली गोठ्यापातुर उतार होता, ती आमची धाव, म्हंजी बैल चालायची वाट. बैल खाली चालत गेला की मोट भरून वर येती. आन् बैल उलट्या पावलांनी मागं सरकला की मोट परत विहिरीत उतरती. खाली जाताना अप्पा नाड्यावर भार टाकून गायचं. आवाज पातळ झालता, पण लांब जायचा. शेवटचा सूर तर आसा धरायचं की वाटायचं पाणी वर आलंच. आता ओतणार.

आन् मग मागं सरकायचं. तवा गाणं न्हाय. तवा नुसतं बोलणं. "बा, बा, हिंद बा." म्हंजी ये, ये, मागं ये. मला कन्नड येत न्हाय, पण पाय आपोआप मागं जायचं. अप्पांचा तळवा माझ्या पाठीवर. खरखरीत, गरम.

आन् तेवढ्यात, दर खेपेला, अप्पा मान वर करायचं, कानावर हात ठेवायचं, मोठा श्वास घ्यायचं आन् भिंतीपल्याड बघून जोरात हाक मारायचं. "गंगेऽऽ..." पुढं काय म्हणायचं ते मी नीट ऐकलं न्हाय. मी बैल होतो. मी मागं बघत होतो, आरात पाय पडू नये म्हणून.

मधी कुत्रं भुंकलं. मधी अप्पांना खोकल्याची उबळ आली. तेवीस मिनिटांनी मी घामानं भिजलो, अप्पा बाजंवर टेकलं, आन् पद्मानं बटण बंद केलं.

"गंगे कोण, अप्पा?" तिनं विचारलं.

"लेक माझी. सोलापुरात हाय आता, टावेलच्या कारखान्यात शिवती. लहान होती तवा पाण्यावर उभी करायचो तिला. एक वाफा भरला की मातीचं दार मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. आता ती म्हातारी व्हायला आली. पण काय करू, मोट मागं गेली की तोंडातनं तिचं नाव येतंयच."

निघताना मी अप्पांच्याच आवाजात म्हणलं, "समजलं काय?" हुबेहूब.

अप्पा माझ्याकडं बघतच राह्यलं. म्हणालं, "आरं, माझा आवाज तू नेलास, मग मला काय ठिवलास?"

सगळे हसलो. लई हसलो.

*

पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी प्रदर्शनात लावायला चार मिनिटांचा तुकडा पायजे होता. मॅडम म्हणाल्या, "गाणं तेवढं ठेव. खोकला, कुत्रं, मधला गोंधळ काढून टाक. कॉपीवर काम कर हं."

मी हेडफोन लावलं आन् बसलो. कॉम्प्युटरवर आवाज डोंगरासारखा दिसतो. गाण्याचं डोंगर मऊ, लांब. आन् प्रत्येक दोन डोंगरांच्या मधी एक टोकदार सुळका. हाकंचा. एवढा उंच की काच फुटल्यासारखं कानात लागायचं. मी एकेक सुळका धरला आन् पुरता न ऐकताच कापला. कचाकच. दोन्ही कडा जोडल्या. गाणं आसं सरळ वाहाय लागलं की मलाच भारी वाटलं.

"कॉपी ठेवलीस ना?" पद्मानं विचारलं.

"ठेवली," मी म्हणलं. मॅडमच्या आवाजात म्हणलं. ती हसली आन् इषय संपला.

कॉपी ठेवली न्हवती. त्याच नावावर सेव्ह केलं. रेकॉर्डरातलं कार्ड दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला जायचं होतं, ते मीच पुसून दिलं.

मॅडमनी ऐकलं. डोळं मिटून ऐकलं. म्हणाल्या, "किती स्वच्छ केलंस रे." त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरलो. ह्याच पायऱ्या.

*

ऊन कडक झालं. खिडकीला वाळ्याचा पडदा लागला, त्याच्यावर पद्मा पाणी मारायची आन् मातीसारखा थंड वास सुटायचा. एका दुपारी वळसंगास्नं फोन आला. अप्पा गेलं.

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं वेळेत जाऊन आलात. मूळ फाईल नीट जपा आता. तेवढंच उरलंय."

मी तसाच कॉम्प्युटरवर जाऊन बसलो.

त्या दिवसापास्नं मी काय-काय केलं. पद्माला तेवढं खरं सांगितलं, मॅडमला न्हाय. कॉम्प्युटरचा प्रत्येक कप्पा उघडला. डिलीट केलेल्या फायली परत आणायचं सॉफ्टवेअर टाकलं, एक न्हाय, तीन. कार्ड घेऊन रिपेअरवाल्याकडं गेलो. त्यो म्हणाला, "ह्याच्यावर सात वेळा भरलंय आन् पुसलंय, भाऊ. आता ह्याच्यात देवबी न्हाय." मी त्याला हात जोडलं. खरंच जोडलं. त्याला वाटलं मस्करी करतोय. माझं तोंडच तसं हाय, रडलो तरी लोकांना नक्कल वाटती.

वळसंगलाबी गेलो. अप्पांच्या घराला कुलूप होतं. अंगणातली आर पावसापाण्याबिगारच थंड पडली होती, राख उडत होती. ज्या भिंतीपल्याड बघून ते हाक मारायचं, त्या भिंतीला मी कान लावला. भर उन्हात. येडं झालो होतो म्हणा. भिंत गरम होती, एवढंच.

मग त्यो चार मिनिटांचा तुकडाच आवाज फुल करून ऐकायला लागलो. जितं-जितं कापलं होतं, तितं-तितं थांबून. हाकंचं एखादं शेपूट राहिलं आसंल म्हणून. काय न्हाय, काय न्हाय, काय न्हाय. आन् तिसऱ्या मिनिटाला एक घावलं. हाक न्हाय. हाकंच्या आदीचा श्वास. मान वर करून, कानावर हात ठेवून घेतलेला, छाती भरून. त्याच्या पुढं मी कात्री चालवलेली.

शंभरदा ऐकला त्यो श्वास. दर वेळी वाटायचं, आता म्हणतील. आता. आन् गाणं चालू व्हायचं.

*

आन् गंगव्वा आली.

दुपारची सुट्टी होती. मॅडम बाहेरगावी. जिन्यावर पावलं वाजली आन् दारात एक बाई. साठीच्या आसपास. भुवयांवर, केसांवर, पदरावर टावेलाचा पांढरा भुसका. अक्कलकोट रोडवरनं, कारखान्यातनं थेट आलेली. हातात डबा.

"मी वळसंगच्या मल्लप्पाची लेक," म्हणाली. "अप्पानं फोनवर सांगितलं होतं. 'गंगे, एका नकल्या पोराला बैल केलं, पाठीवर हात ठिवून मागं सरकवलं, आन् लई वर्सांनी तुला हाक मारली बघ आज. मशिनीत ठिवलीय पोरांनी, जाऊन ऐक.' रोज म्हणायचं, गेलीस का, गेलीस का. मी म्हणायची जाते की, पळून जातीय काय ती. रोज काम. सुट्टीदिशी तुमचं बंद. आता अप्पाच..." थांबली. "तेवढी हाक ऐकवा पोरांनो. गाणं नको. गाणं मला पाठ हाय."

पद्मानं माझ्याकडं बघितलं. मी चार मिनिटांचा तुकडा लावला. दुसरं काय लावणार? तिनं हेडफोन घातलं, डोळं मिटलं. चार मिनिटं. डोळं उघडलं.

"हितं न्हाय. पुढं आसंल."

"व्हय मावशी," मी म्हणलं. "दुसऱ्या फाईलीत हाय. जरा येळ लागंल. तुमी जेवा तवर."

ती भिंतीला टेकून बसली. भाकरी आन् चटणी काढली. मी रेकॉर्डर उचलला आन् मागच्या खोलीत गेलो. पद्मा माझ्या मागं.

"काय करतोयस?"

मी माईकवर ही टोपी घातली.

"नको करू," ती म्हणाली. "खरं सांग तिला. हात जोडते."

"तिला कळणार न्हाय. तिनं एवढी आशा लावलीय, पद्मा. मी हुबेहूब काढतो, तुला म्हायती हाय."

"म्हणूनच नको म्हणतीय."

ती बाहेर गेली. मी मोटेजवळ उभा राहिलो. कातड्याचा वास. तोंड त्या मोटेच्या तोंडाजवळ नेलं, म्हंजी आवाज जरा लांबनं आल्यासारखा घुमंल. कानावर हात ठेवला. मान वर केली. आन् अप्पांच्या आवाजात, अगदी त्यांच्या पातळ झालेल्या, खरखरीत आवाजात म्हणलं, "गंगे... गंगे बाळा, दारं मोड ग."

त्यो खरा श्वास घेतला, त्याच्या पुढं ही हाक जोडली. जोड ऐकून बघितली. कुणालाबी कळली नसती. एवढं चांगलं काम मी तीन महिन्यांत केलं न्हवतं.

तिनं हेडफोन घातलं. हाताला चटणी लागलेली, पदराला पुसली. मी बटण दाबलं.

श्वास आला तशी तिची मान ताठ झाली. आसली ताठ, जशी शाळेत बाईनं नाव घेतलं की व्हती. ओठ उघडलं. ती ओ देणार होती. मी बघितलं, ती ओ देणारच होती. आन् मग हाक आली, आन् ते उघडलेलं ओठ तसंच राह्यलं.

"परत," ती म्हणाली.

परत लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा तिनं हेडफोन काढलं. त्याच्यावर चिकटलेला भुसका बोटानं उचलला. हळू ठेवलं टेबलावर.

"श्वास अप्पाचा हाय," म्हणाली. "पुढचं कुणाचं?"

खालनं दुकानदाराचा आवाज येत होता. मागं माग चालू होते. पद्मा खिडकीकडं तोंड करून उभी.

"माझं, मावशी."

"आन् अप्पाचं कुटं गेलं?"

"मी काढून टाकलं. गाण्याच्या मधी येत होतं म्हणून."

आता हितं जिन्यात बसून मी रोजच्यासारखं अप्पांचा त्यो श्वास घेतोय. माझा आवाज आता जाहिरातीत गावभर फिरतो. रिक्षावरच्या भोंग्यात. चादर घ्या, टावेल घ्या, सेल लागलाय सेल. म्हाताऱ्याचा आवाज, बाईचा आवाज, पोराचा आवाज, सगळं मीच काढतो. एकच आवाज काढत न्हाय. पण त्यो श्वास रोज घेतो. मान वर, कानावर हात, छाती भरून. आन् पुढची हाक तोंडातनं येत न्हाय, कारण ती मी नीट एकदाच ऐकलीय, आन् तवा रेकॉर्डर माझ्या हातात होता, बोट बटणावर होतं, आन् दाबायची माझी हिंमत झाली न्हाय.

कारण गंगव्वा उठून उभी राहिली होती.

"मधी येत होतं?" ती म्हणाली. "आरं, गाणं बैलासाठी होतं! मधली हाक तेवढी माझी होती. आन् एवढा मोठा श्वास घेऊन माझा बाप बाळा म्हणंल काय रं? जन्मात म्हणला न्हाय मला बाळा! मी बांधावर डुलक्या घ्यायची, पाणी भलतीकडं जायचं, आन् अप्पा तितनं..."

तिचा हात कानावर गेला. मान वर झाली. श्वास घेतला, छाती भरून, त्योच.

"गंगेऽऽऽ! मेलीस का झोपलीस गऽऽ! दारं मोड कीऽऽ!"

मागच्या खोलीतली हलगी थरारली. खालचा दुकानदार गप झाला. पद्मानं दोन्ही हात तोंडावर ठेवलं. माझं पाय, देवाशप्पथ, आपोआप एक पाऊल मागं गेलं.

"आसं!" ती म्हणाली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, भुसका गालावर चिकटत होता, आन् बोट माझ्यावर रोखलेलं. "आसं बोलवायचा माझा बाप! शिव्या देऊन! आन् तू त्याला ग्वाड करून ठिवलास! नकला करतोस मुडद्या, आन् माणूस ऐकत न्हाईस! त्येनं तुझ्या पाठीवर हात ठिवून बोललं, तू काय ऐकत होतास? आता रडतोस कशाला? गप! डोळं पूस! झोपला होतास व्हय रं तवा? सगळं पाणी भलत्या वाफ्यात गेलं की. आता दारं मोडून काय करतोस?"